फॉर्मॅट मारला, पण गेलं काय?

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, तह नाही. आज एका वाक्याचा इतिहास सांगणार आहे. ते वाक्य म्हणजे, "फॉर्मॅट मारावा लागेल."

तुमच्यापैकी बरेच जण थेट फोनवरच मोठे झालात, म्हणून आधी थोडं चित्र उभं करतो. साल २००७. सोलापुरात आमच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. त्याच्यावर फुलाफुलांचं कव्हर, शेजारी भारनियमनात किंचाळणारा यूपीएस. स्क्रीनवर ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. ते चित्र खरं आहे बरं का, कॅलिफोर्नियातला फोटो आहे, १९९६ साली काढलेला. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात आली आणि तिच्यासोबत ती टेकडी आपल्याकडे घरोघरी पोचली.

बाबा क्लार्क होते, मराठी टायपिंगचा हात चांगला. संध्याकाळी ते कॉम्प्युटरवर बसायचे आणि आजोबा शेजारी खुर्ची ओढून बोलायचे. आजोबांनी पूर्व भागात, चादरीच्या मागांवर आयुष्य काढलं. त्यांना वाटायचं, आपलं काम कुठंतरी लिहून राहावं. तर ते सांगायचे आणि बाबा टाइप करायचे. असं वर्षभर चाललं.

मग पेनड्राइव्हमधून व्हायरस आला. तो प्रसिद्धच होता, "न्यू फोल्डर" नावाचा. दिसायला फोल्डर, पण क्लिक केलं की खेळ खल्लास. कॉम्प्युटर इतका हळू झाला की माउस हलवून चहा पिऊन यावं. शेवटी दुरुस्तीवाला मुलगा सीडीचं पाउच घेऊन आला, दोन मिनिटं बघितलं आणि ते वाक्य बोलला. वर म्हणाला, "काका, सी मधलं जाईल, डी मधलं राहील."

बाबांनी विचारलं, "आमची फाइल?" शोधलं तर ती डी मध्ये होती. बाबा म्हणाले, "मार मग."

आता इथं थोडं थांबू, कारण या "मार" मध्ये नेमकं काय होतं ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ साली बाजारात आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटापेक्षा मोठं धूड, आणि त्यात मावायची सुमारे ५० लाख अक्षरं. म्हणजे आज तुम्ही फोनवर काढता त्या एखाद-दोन फोटोंएवढं. पण तेव्हापासूनच एक प्रश्न होता. एवढ्या जागेत कुठली गोष्ट कुठं ठेवली हे यंत्राला कळणार कसं? उत्तर एकच, यादी ठेवायची. डॉसच्या आणि विंडोजच्या काळात डिस्कवर अशी एक यादी असायची. अमुक फाइल, अमुक जागी.

आपलं हिराचंद नेमचंद वाचनालय डोळ्यांसमोर आणा. समजा रात्रीत कुणी तिथली नोंदवही काढून घेतली आणि कोरी वही ठेवली. एकही पुस्तक हललं नाही. पण वहीच्या हिशेबानं वाचनालय रिकामं. आता नवीन पुस्तकं आली की ग्रंथपाल म्हणणार, "जागा रिकामीच आहे, ठेवा." आणि जुनी पुस्तकं हळूहळू फेकली जाणार. क्विक फॉर्मॅट म्हणजे ही कोरी वही. एक्सपीच्या काळात पूर्ण फॉर्मॅटही डिस्क पुसत नव्हता, फक्त खराब जागा आहेत का ते तपासायचा. पूर्ण फॉर्मॅटमध्ये सगळीकडे शून्य लिहिणं विंडोज व्हिस्टापासून सुरू झालं. म्हणून त्या काळी फॉर्मॅट मारलेल्या डिस्कमधून फोटो परत काढून देणारी दुकानं चालायची. त्यात जादू काही नव्हती. पुस्तकं जागेवरच होती, ती फक्त हाताने शोधायची होती.

खरं नुकसान पुढच्या पायरीत. नवीन विंडोज टाकली की ती त्याच रिकाम्या म्हटलेल्या जागांवर बसते. निळी स्क्रीन, एफ-८ दाबून करार मान्य करायचा, २५ अक्षरांची की टाकायची, मग "३९ मिनिटं राहिली" म्हणून वाट बघायची. ती ३९ मिनिटं घड्याळाप्रमाणे कधीच संपली नाहीत, हे त्या काळातला कुणीही सांगेल. त्या वेळात जुन्या खुणांवर नवीन खुणा पडत जातात. जिथं पडल्या, तिथलं गेलं ते गेलं.

तर आमच्याकडे हे सगळं पार पडलं. टेकडी परत दिसली. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळायला लागला. त्या मुलानं पैसे घेतले, चहा घेतला, गेला. बाबांनी डी ड्राइव्ह उघडला. फाइल होती. उघडली.

आत मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. कॅपिटल, स्मॉल, मध्येच कंस, मध्येच टक्क्याचं चिन्ह. चाळीस पानं तशीच. आणि दुसरं, शेवटची अकरा पानं बाबांनी सोयीसाठी डेस्कटॉपवर ठेवली होती. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आजोबांनी स्क्रीनकडं बघितलं आणि विचारलं, "मी एवढं इंग्रजी बोललो का रे?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

झालं काय होतं, ते मला कळायला पुढं दहा वर्षं लागली.

त्या काळच्या कॉम्प्युटरला मराठी अक्षर म्हणजे काय हे बहुतेक वेळा ठाऊकच नव्हतं. त्याला इंग्रजी अक्षरं ठाऊक होती. मग आपल्या लोकांनी जुगाड केला. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार काढायचा आणि तो फॉन्ट म्हणून टाकायचा. उदाहरण सांगतो. कृतिदेव नावाच्या फॉन्टात "मराठी" हा शब्द लिहायचा तर ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच, या पाच कळा दाबायच्या. फाइलमध्ये साठवली जातात ती ही पाच इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट असेल तर "मराठी" दिसतं, नसेल तर चिवडा. आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा हिशेब वेगळा. एकात जी कळ "क" दाखवायची, ती दुसऱ्यात भलतंच काही. महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, कार्यालयांतली पत्रं, वर्षानुवर्षं अशीच टाइप झाली.

फॉन्ट राहायचे कुठं? विंडोजच्या फोल्डरात. म्हणजे सी ड्राइव्हमध्ये. आमची फाइल वाचली होती, ती वाचायची किल्ली गेली होती.

यावर उपाय नव्हता असं नाही. सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच संकेत असावा म्हणून १९९१ साली इस्की हे भारतीय मानक आलं. पुण्याच्या सी-डॅकनं त्यावर मोठं काम केलं. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. युनिकोडमध्ये "म" ला स्वतःचा आकडा आहे, २३५०. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही फॉन्टात, २३५० म्हणजे "म" च. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठी पाठवता आणि समोरच्याला मराठीच दिसतं, ते यामुळे.

एक्सपीमध्येही युनिकोड मराठी होतं. पण इंग्रजी एक्सपी टाकली की ते चालू नसायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची, मग ते परत विंडोजची सीडी मागायचं. बहुतेक घरांत सीडी नसायचीच, ती दुरुस्तीवाल्याच्या पाउचमध्ये. म्हणजे प्रत्येक फॉर्मॅटनंतर कॉम्प्युटर मराठी विसरायचा आणि घरातल्या कुणाला तरी त्याला परत शिकवावं लागायचं. आमच्याकडे ते कुणाला येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे कॉम्प्युटरचं खूळ आहे. नाही. आपल्या इतिहासात हे त्याआधीही झालंय. पेशवाईतला कारभार मोडीत चालायचा. पुढं छापखान्यात बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी चालली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली. कागद कुणी जाळले नाहीत. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आजही आहेत. पण ते वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मोडी युनिकोडमध्ये आली ती २०१४ साली. तेव्हा लिपी बदलणं म्हणजे एका परीनं समाजानं मारलेला फॉर्मॅटच. कागद राहतो, किल्ली जाते.

आजोबा २०११ साली गेले. फाइल तशीच, चिवड्यासकट, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर येत राहिली. बाबा ती डिलीट करत नव्हते आणि उघडतही नव्हते.

२०१७ ला मला हे फॉन्टचं प्रकरण कळलं. पण फॉन्ट कुठला? बाबांना नाव आठवेना. नेटवर मिळाले ते दहा-बारा फॉन्ट लावून बघितले, अर्धवट काहीतरी दिसायचं. शेवटी लग्नपत्रिकांचं डीटीपी करणारे एक काका भेटले. दुकान बंद करून बसलेले. मी चिवड्याची एक ओळ कागदावर लिहून नेली होती. त्यांनी चष्मा वर केला आणि सरळ वाचायला लागले. फॉन्ट नाही, कॉम्प्युटर नाही. वीस वर्षं त्या कळा दाबलेल्या, बोटांनाच पाठ. कपाटातून एक सीडी काढून दिली. "घेऊन जा. आता कोण विचारतंय?"

रात्री फॉन्ट टाकला, फाइल उघडली. बाबांना हाक मारली. चाळीस पानं मराठीत.

बाबा मोठ्यानं वाचायला लागले. आजोबा जॅकार्डबद्दल सांगत होते. सोलापुरी चादरीवर जी नक्षी असते, ती मागाला सांगतात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांनी. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. फ्रान्समध्ये ल्योंच्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हे तंत्र बसवलं. त्याचंच रेशमात विणलेलं एक चित्र १८३९ साली तयार झालं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती, आणि आपल्या गणकयंत्राला हुकूम द्यायला त्यानं हीच कार्डं योजली. म्हणजे कॉम्प्युटरला सांगायची पद्धत मागावरून आली. माग तोच ठेवायचा, कार्डांची माळ बदलायची, की नवीन नक्षी. आपल्या भाषेत, हार्डवेअर तेच, ऑपरेटिंग सिस्टिम नवीन.

आजोबांना बॅबेज माहीत नव्हता. त्यांनी लिहवून घेतलं होतं की कार्डं दोऱ्यानं ओवलेली असतात आणि प्रत्येकावर नंबर असतो. "दोरा तुटला की नवीन पोरं घाबरतात. कार्ड फाटलं नसेल तर घाबरायचं काय? नंबर बघायचा, परत ओवायचं. पण नंबर नसेल, तर सगळी कार्डं शाबूत असून उपयोग नाही."

त्याच्यापुढं जुन्या नक्ष्यांची नावं सांगायला त्यांनी सुरुवात केली होती. चार नावं झाली आणि चाळिसावं पान संपलं. बाकीची त्या अकरा पानांत होती. ती आता कुणाकडेच नाहीत.

हे सगळं आज सांगायचं कारण असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. अकरा नंबरची विंडोज बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे घराघरातले जुने डबे आता पुसले जातायत, विकले जातायत, काहींवर लिनक्स पडतंय. पुसायच्या आधी बघा, घरातल्या कुणी त्यात मराठी टाइप केलंय का. फाइलसोबत फॉन्टचं फोल्डरही कॉपी करा. जमलं तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, कन्व्हर्टर मिळतात. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स बघितल्याशिवाय "मार" म्हणू नका.

आणि तुमच्या हातातला फोन. तो फॅक्टरी रिसेट केला तर काय होतं? गंमत बघा, आजच्या फोनवर सगळा डेटा आधीपासूनच कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतो. रिसेटमध्ये फोन त्या कुलपाची किल्ली नष्ट करतो. बाकीचं काही काळ तिथं पडून असलं तरी कुणाला वाचता येत नाही. चोरापासून वाचायला हे उत्तमच. पण २००७ सारखं "एखादं दुकान काढून देईल" हे आता विसरा. व्हॉट्सॲपचा बॅकअप पासवर्ड लावून ठेवलाय आणि पासवर्ड विसरलात, तर तुमचाही चिवडाच. आणि या चिवड्याला डीटीपीवाले काका मिळत नाहीत.

आज रात्री एक काम करा. आजी-आजोबांची रेकॉर्डिंगं, फोटो, दोन ठिकाणी ठेवा, आणि पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या, वहीत लिहून ठेवला तरी चालेल.

आमच्या घरी ती चाळीस पानं आता युनिकोडमध्ये आहेत, कागदावर छापलेलीही आहेत. बाबांनी प्रत्येक पानावर हातानं नंबर घातलेत. भेटू पुढच्या भागात.