मॉरिशसच्या पैशाला ‘रुपया’ का म्हणतात? ऊसमजुरांच्या पगारातून घडलेल्या चलनाची गोष्ट

भारतापासून हजारो किलोमीटर दूर, आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात मॉरिशस हा छोटा बेटांचा देश आहे. तिथे डचांनी, फ्रेंचांनी आणि शेवटी इंग्रजांनी राज्य केलं. तरी तिथलं चलन ना गिल्डर झालं, ना फ्रँक, ना पाउंड. तिथे चालतो तो रुपया. यामागे भारतातून ऊसमळ्यांवर गेलेले लाखो मजूर आहेत आणि त्यांत कोकणातून गेलेली मराठी माणसंही आहेत.

स्वतःचं नाणं नसलेलं बेट

डच खलाशी १५९८ मध्ये या बेटावर उतरले. आपल्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस हे नाव दिलं. १६३८ पासून त्यांनी वसाहत करून पाहिली, पण ती टिकली नाही. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि नाव ठेवलं ‘इल द फ्रान्स’.

या काळात बेटाला स्वतःचं असं चलन नव्हतं. पोर्ट लुई हे युरोप आणि भारत यांच्या मधलं थांब्याचं बंदर होतं. त्यामुळे जहाजांबरोबर येईल ते नाणं चालायचं. त्यात स्पॅनिश चांदीच्या डॉलरला सगळ्यात जास्त मान होता. फ्रेंचांनी कागदी नोटाही काढल्या, पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्यांची किंमत इतकी घसरली की लोकांचा कागदावरचा विश्वासच उडाला.

एका वर्षाचं चांदीचं नाणं

१८१० मध्ये इंग्रजांच्या आरमाराने बेटाची कोंडी केली होती. फ्रेंच गव्हर्नर जनरल देकाँ याच्याकडे खर्चाला पैसा उरला नव्हता. तेव्हा शत्रूच्या पकडलेल्या जहाजावरची चांदी वितळवून बेटावरच नाणी पाडण्यात आली. १० लिव्हर किमतीच्या या नाण्यावर मुकुटधारी गरुड होता. आज नाणी जमवणारे त्याला ‘देकाँ पियास्त्र’ म्हणून ओळखतात. हे नाणं त्या एकाच वर्षी पाडलं गेलं, कारण डिसेंबर १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेलं आणि ‘मॉरिशस’ हे जुनं नाव परत आलं.

इंग्रजांनी १८२० आणि १८२२ मध्ये डॉलरच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश आणि सोळाव्या भागाची चांदीची नाणी वसाहतींसाठी काढली. त्यांवर नांगराचं, म्हणजे जहाजाच्या लंगराचं चित्र होतं. म्हणजे राज्य इंग्रजांचं, हिशोब डॉलरचा आणि व्यवहारात नाणी अनेक देशांची, अशी स्थिती होती.

महिना पाच रुपये

१८३५ ते १८३९ या काळात मॉरिशसमधली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपली. उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले. ते छोटा नागपूरच्या डोंगर-जंगलातले आदिवासी होते. कागदपत्रांत त्यांची नोंद ‘धांगड’ अशी आहे. पुढे बिहार, मद्रास आणि मुंबई इलाख्यातून माणसं जात राहिली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातले मराठी लोक होते. १९२० च्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख मजूर तिथे पोहोचले.

करार साधारण पाच वर्षांचा असे. मजुरी महिना ५ रुपये आणि वर शिधा. पण ही मजुरी पूर्ण हातात पडेलच असं नव्हतं. ‘डबल कट’ नावाची पद्धत होती: एक दिवस कामावर गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडलेल्या माणसाची महिन्याची कमाई अशी बघता बघता निम्म्यावर यायची.

मजुराला घरी पाठवायला, परतताना गाठीशी बांधायला आणि सावकाराचं देणं फेडायला रुपयाच उपयोगाचा होता. मुंबई किंवा कलकत्त्यात उतरल्यावर स्पॅनिश डॉलर घेऊन तो काय करणार? शिवाय बेटावर तांदूळ भारतातून यायचा आणि पुढे बेटाची साखरही मोठ्या प्रमाणात भारतात विकली जाऊ लागली. त्यामुळे भारतीय चांदीचा रुपया बेटावर रुळत गेला.

१८७६: कायद्याने रुपया

जे बाजारात घडलं होतं त्यावर १८७६ मध्ये सरकारने शिक्का मारला. रुपया हे मॉरिशसचं अधिकृत चलन झालं. जुना मॉरिशस डॉलर दोन रुपयांचा धरला गेला. सरकारने ५, १० आणि ५० रुपयांच्या नोटा काढल्या. १८७७ मध्ये १, २, ५, १० आणि २० सेंटची नाणी आली.

भारतात तेव्हा १६ आण्यांचा रुपया होता. आणा, पैसा, पै असा हिशोब चाले. मॉरिशसने मात्र पहिल्यापासूनच १०० सेंटचा रुपया घेतला. (श्रीलंकेनेही १८७२ मध्ये तेच केलं होतं.) भारतात १०० पैशांचा रुपया आला तो १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे तब्बल ८० वर्षांनी.

एक अडचण होती. सुटे पैसे मॉरिशसचे असले तरी बंदा रुपया भारताचाच होता. जगात चांदी स्वस्त होऊ लागली तशी रुपयाची किंमत घसरली. पूर्वी दोन शिलिंगांना असलेला रुपया १८९० च्या दशकात सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. कलकत्ता-लंडनमध्ये झालेल्या निर्णयांचा परिणाम थेट बेटावरच्या मजुरीवर आणि साखरेच्या भावावर व्हायचा.

१९३४ मध्ये हा धागा तुटला. मॉरिशसने स्वतःची पाव, अर्धा आणि एक रुपयाची चांदीची नाणी काढली आणि रुपयाची किंमत थेट पाउंडाशी, दीड शिलिंगाला, बांधली. नाव रुपयाच राहिलं, पण भारतीय रुपयाशी संबंध संपला.

स्वातंत्र्यानंतर

१९६७ मध्ये ‘बँक ऑफ मॉरिशस’ ही मध्यवर्ती बँक स्थापन झाली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. १९७९ आणि १९८१ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं. १९८७ पासून नाण्यांवर ब्रिटिश राणीऐवजी पहिले पंतप्रधान सर सिवसागर रामगुलाम दिसू लागले. विशेष म्हणजे देश प्रजासत्ताक झाला तो त्यानंतर, १९९२ मध्ये. १० रुपयांच्या नाण्यावर ऊसतोडणीचं चित्र आहे. ज्या पिकासाठी माणसं नेली, ते नाण्यावर कायम राहिलं.

नोटेवरची भाषा आणि पेटलेला वाद

मॉरिशसच्या नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी असा मजकूर असतो. नोव्हेंबर १९९८ मध्ये नवी मालिका आली, तेव्हा तमिळच्या आधी हिंदी छापली गेली. तमिळ समाजाने जोरदार विरोध केला. तमिळ कारागीर फ्रेंच काळातच बेटावर आले होते, म्हणून क्रमातला मान आमचा, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी त्या नोटा मागे घेऊन १९९९ मध्ये जुन्या क्रमाने नव्या छापाव्या लागल्या.

बाहेरच्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण जिथे जवळजवळ प्रत्येकाचे पूर्वज बाहेरून आले, तिथे नोटेवरची जागा म्हणजे देशातली जागा. भारतात हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटला आहे. सिंदेवाहीच्या किराणा दुकानात हातात येणारी कुठलीही नोट उलटून पाहा: भाषांच्या चौकटीत १५ भाषा आहेत, मराठीसह, आणि त्यांचा क्रम इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेला आहे.

मॉरिशसच्या नोटांवर चेहरेही वेगवेगळ्या समाजांतले आहेत. २५ च्या नोटेवर चिनी वंशाचे आ-च्युएन, १०० वर तमिळ वंशाचे सीनीवासेन, २०० वर अब्दुल रझाक मोहम्मद, ५०० वर सुकदेव बिसुनदयाल, १००० वर गाएतां दुव्हाल आणि २००० वर रामगुलाम. तिथला मराठी समाज गणेशोत्सव आजही थाटात करतो, पण नोटेवर मराठी भाषा किंवा मराठी चेहरा नाही.

त्यांचा रुपया आपल्यापेक्षा महाग?

हो. अलीकडच्या वर्षांत एका मॉरिशियन रुपयाला एकापेक्षा जास्त भारतीय रुपये मोजावे लागतात. पण तेवढ्यावरून कुठला देश श्रीमंत ते ठरत नाही. एका जपानी येनची किंमत एका भारतीय रुपयाहून कमी आहे, म्हणून जपान गरीब ठरत नाही. महत्त्वाचं असतं ते माणसाची कमाई किती आणि त्यात काय काय विकत घेता येतं. ५ रुपये महिन्यावर उसात राबलेल्या त्या मजुरांसाठीही प्रश्न हाच होता.