वकिलांचे निरंतर विधी शिक्षण

वकिलांचे निरंतर विधी शिक्षण म्हणजे सनद मिळाल्यानंतर वकिलाने आपले कायद्याचे ज्ञान व व्यावसायिक कौशल्य अद्ययावत ठेवण्यासाठी घेतलेले शिक्षण होय. अनेक देशांत ठरावीक मुदतीत ठरावीक तासांचे असे शिक्षण पूर्ण केल्याखेरीज वकिलीचा परवाना चालू ठेवता येत नाही. भारतात अधिवक्ता अधिनियम, १९६१ (ॲडव्होकेट्स ॲक्ट) अन्वये अशी तासांची सक्ती नाही. महाराष्ट्रात निरंतर शिक्षणाचे काम व्याख्याने, कार्यशाळा आणि वकील संघांचे उपक्रम यांतून ऐच्छिक स्वरूपात चालते. प्रस्तुत लेखात या विषयाची कायदेशीर चौकट व महाराष्ट्रातील, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भातील स्थिती दिली आहे.

## कायदेशीर चौकट

वकिलांची नोंदणी राज्य बार कौन्सिल करते. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचे मुख्यालय मुंबईत असून तिचे कार्यक्षेत्र महाराष्ट्र, गोवा तसेच दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव येथपर्यंत आहे. अधिनियमाच्या कलम २४ मध्ये नोंदणीसाठीची पात्रता दिली आहे. नोंदणी झाल्यावर वकिलास सनद मिळते. कलम ३० नुसार नोंदणीकृत वकिलाला भारतभर व्यवसाय करण्याचा हक्क आहे. हे कलम १५ जून २०११ पासून अमलात आले.

निरंतर शिक्षणाशी निगडित तरतूद कलम ६ व ७ मध्ये आढळते. कायद्याच्या विषयांवर चर्चासत्रे भरवणे, नामवंत विधिज्ञांची व्याख्याने आयोजित करणे आणि कायदेविषयक नियतकालिके प्रसिद्ध करणे ही राज्य बार कौन्सिल व भारतीय विधिज्ञ परिषद (बार कौन्सिल ऑफ इंडिया) या दोहोंची कार्ये म्हणून तेथे नमूद आहेत. ही कर्तव्ये परिषदांवर टाकलेली आहेत. अशा कार्यक्रमांना उपस्थित राहणे वकिलावर बंधनकारक केलेले नाही.

कलम ४९ नुसार भारतीय विधिज्ञ परिषदेला नियम करण्याचा अधिकार आहे. वकिलाला कोणत्या अटींवर व्यवसाय करता येईल, याविषयीचे नियमही त्यात येतात. निरंतर शिक्षण सक्तीचे करावयाचे झाल्यास हा अधिकार पुरेसा आहे की संसदेने कायद्यात दुरुस्ती करणे आवश्यक आहे, हा या विषयातील मूलभूत प्रश्न आहे.

## प्रशिक्षण व परीक्षेचा इतिहास

मूळ अधिनियमात पदवीनंतर प्रशिक्षण व परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली. भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९५ मध्ये नियम करून नोंदणीपूर्व एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले, परंतु व्ही. सुदीर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते नियम रद्द ठरवले.

परिषदेने २०१० मध्ये अखिल भारतीय बार परीक्षा सुरू करण्याचा निर्णय घेतला व पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. या परीक्षेत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न असतात. १० फेब्रुवारी २०२३ रोजी बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध बॉनी फोई लॉ कॉलेज या खटल्यात घटनापीठाने परीक्षा घेण्याचा परिषदेचा अधिकार मान्य केला आणि सुदीर खटल्यातील कायद्याचा अन्वयार्थ स्वीकारला नाही. ही परीक्षा एकदाच उत्तीर्ण व्हावी लागते. त्यामुळे ती व्यवसायातील प्रवेशाची कसोटी ठरते. वीस वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीचे ज्ञान अद्ययावत आहे किंवा नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

## व्यवसाय प्रमाणपत्र व पडताळणी

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २०१५ च्या प्रमाणपत्र व व्यवसायस्थान (पडताळणी) नियमांनुसार वकिलाने व्यवसाय प्रमाणपत्र घेणे व त्याचे पाच वर्षांनी नूतनीकरण करणे अपेक्षित आहे. बनावट पदव्यांवर मिळवलेल्या सनदा शोधणे आणि वकिली सोडून अन्य व्यवसायांत गेलेल्यांची नावे वेगळी काढणे हा या नियमांचा उद्देश आहे. पडताळणीच्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये माजी न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

या पडताळणीचा निरंतर शिक्षणाशी अनेकदा घोळ केला जातो. पडताळणीत पदवी खरी आहे का व वकील प्रत्यक्ष व्यवसाय करतो का, एवढेच पाहिले जाते. त्याने नवे काय शिकले, याची नोंद तिच्यात घेतली जात नाही.

## आवश्यकता

कायद्यातील बदलाचा परिणाम थेट पक्षकारावर होतो. यासंबंधी पुढील उदाहरणे महत्त्वाची आहेत.

फौजदारी कायदे : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियमाऐवजी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. दंड संहितेत ५११ कलमे होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ हे आता १०३ झाले, तर फसवणुकीचे कलम ४२० हे ३१८ मध्ये आले. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू होत असल्याने वकिलास दोन्ही कायदे माहीत असावे लागतात.

मुलींचा वारसाहक्क : महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना सहदायाद केले. प्रकाश विरुद्ध फुलवती (२०१५) या निकालानुसार ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक होते. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (११ ऑगस्ट २०२०) या निकालाने ती अट काढून टाकली. केवळ आधीच्या निकालावर विसंबलेला वकील वाटपाच्या दाव्यात एखाद्या मुलीला तिचा हक्कच नसल्याचा सल्ला देऊ शकतो.

व्यापारी दावे : व्यापारी न्यायालये अधिनियमात २०१८ मध्ये घातलेल्या कलम १२अ नुसार, तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थी करणे आवश्यक आहे. ही तरतूद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले. ती न पाळल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो.

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नसल्याचा निर्णय दिला. त्यामुळे सदोष सेवेबद्दल पक्षकाराला ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. व्यावसायिक गैरवर्तन घडल्यास कलम ३५ अन्वये राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते; मात्र अज्ञानातून दिलेला चुकीचा सल्ला प्रत्येक वेळी गैरवर्तन ठरत नाही.

## अहिल्यानगर जिल्हा

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात १४ तालुके आहेत. जिल्हा न्यायालय अहिल्यानगर शहरात आहे, तर संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा, श्रीगोंदा आदी ठिकाणीही न्यायालये आहेत. जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) खंडपीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. बार कौन्सिलचे कार्यालय मात्र मुंबईत आहे. शहरात अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे न्यू लॉ कॉलेज असून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे.

जिल्ह्याच्या वकिलीवर शेती व सहकार यांचा ठसा आहे. जमिनीचे वाटप, वहिवाट व वारसा यांबाबतचे दावे येथे नित्याचे असतात. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे जिल्ह्यात सहकारी संस्थांचे मोठे जाळे विणले गेले. त्यामुळे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील दुरुस्त्या येथील वकिलांना सतत पाहाव्या लागतात. सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीतील राज्यांतर्गत संस्थांना लागू होणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी रद्दबातल ठरवला, हे त्याचे एक उदाहरण होय.

अकोले व जामखेड यांसारखे तालुके जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत. तेथील वकिलास शहरातील कार्यशाळेसाठी न्यायालयातील तारखा सोडून दिवसभराचा प्रवास करावा लागतो. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून काम करणे आणि बार रूममधील चर्चा हेच तालुका पातळीवर शिकण्याचे परंपरागत मार्ग राहिले आहेत. शिवाय कनिष्ठ न्यायालयांचे कामकाज बहुतांशी मराठीत चालत असले, तरी निवाडे व टीकाग्रंथ मुख्यतः इंग्रजीत असतात. त्यामुळे मराठीतील अभ्याससाहित्याची गरज विशेष जाणवते.

## उपलब्ध साधने

- मध्यस्थी प्रशिक्षण : न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थ म्हणून काम करू इच्छिणाऱ्या वकिलांसाठी ४० तासांचे प्रशिक्षण असते.
- विधी सेवा प्राधिकरण : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्थापन झालेली जिल्हा प्राधिकरणे आपल्या पॅनेलवरील वकिलांसाठी प्रशिक्षण घेतात.
- ई-न्यायालय प्रकल्प : ई-फायलिंग व ऑनलाइन सुनावणी यांविषयी वकिलांना प्रशिक्षण दिले जाते.
- बार कौन्सिल व वकील संघ : व्याख्याने, परिषदा व कार्यशाळा आयोजित केल्या जातात.

न्यायाधीशांसाठी मात्र उत्तन (जि. ठाणे) येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. केरळ बार कौन्सिलने कोची येथे एम. के. नंब्यार यांच्या नावाने निरंतर विधी शिक्षणाची अकादमी चालवली आहे.

## इतर व्यवसाय व इतर देश

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. सनदी लेखापालांनाही त्यांच्या संस्थेने ठरवलेले शिक्षणाचे तास पूर्ण करावे लागतात. नोटरीच्या व्यवसाय प्रमाणपत्राचे मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते. परंतु त्यासाठी शिक्षणाचे तास मोजले जात नाहीत.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९७५ मध्ये ही सक्ती आणली; तेथे तीन वर्षांत ४५ तासांचे शिक्षण लागते. फिलिपिन्समध्ये तीन वर्षांत ३६ तास आवश्यक आहेत. इंग्लंड व वेल्समधील सॉलिसिटरांसाठीची वार्षिक १६ तासांची अट नोव्हेंबर २०१६ पासून काढून टाकण्यात आली. त्याऐवजी आपल्या कामात काय उणे आहे हे सॉलिसिटरने स्वतः तपासावे, ती उणीव भरून काढावी आणि तसे दरवर्षी घोषित करावे, अशी पद्धत स्वीकारण्यात आली.

## मतमतांतरे

सक्तीच्या बाजूने असे सांगितले जाते की, पक्षकाराला आपल्या वकिलाचे ज्ञान तपासण्याचे कोणतेही साधन नसते. म्हणून ती हमी व्यवसायानेच दिली पाहिजे. याउलट, केवळ उपस्थितीच्या नोंदीने ज्ञान वाढत नाही, प्रमाणपत्रे विकण्याचा धंदा उभा राहू शकतो आणि शुल्काचा भार तालुक्यातील नवोदित वकिलांवर पडतो, असे आक्षेप घेतले जातात. शुल्काचा मुद्दा नोंदणीच्या संदर्भातही न्यायालयापुढे आला होता. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बार कौन्सिलांना कायद्यात ठरवलेल्या ७५० रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपयांपेक्षा) अधिक नोंदणी शुल्क घेण्यास मनाई केली. त्यामुळे भविष्यात निरंतर शिक्षण सक्तीचे झाल्यास ते कमी खर्चात, मराठीतून आणि तालुक्यापर्यंत कसे पोहोचवावे, हा प्रश्न तासांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा ठरतो.

## हेही पहा

- अधिवक्ता अधिनियम, १९६१
- अखिल भारतीय बार परीक्षा
- महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल
- भारतीय न्याय संहिता
- अहिल्यानगर जिल्हा