जुने फोटो मोबाईलवर स्कॅन करताय? एलजीबीटीक्यू आठवणी जपताना आधी लोकेशन बंद करा

‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक १९९० मध्ये मुंबईत सुरू झालं. १६ ऑगस्ट २००८ ला मुंबईत क्वीअर आझादी मार्च निघाला. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७ मधून वगळले. या तारखा नेटवर सहज मिळतात. पण मोर्चाचा बॅनर कुणी रंगवला, कोण कुणासोबत चाललं, हे अजून कुणाच्या तरी कपाटातल्या खोक्यात पडून आहे.

असंच एक खोकं मला ओळखीच्या एका काकांनी दाखवलं. त्यांच्या घरी बसून मी मोर्चाच्या फोटोंचे मोबाईलने फोटो काढले. ग्रुपवर टाकणार, तेवढ्यात गॅलरीत फोटो वर सरकवला आणि खाली नकाशा दिसला. पिन थेट त्यांच्या इमारतीवर! शेजाऱ्यांना काकांबद्दल काहीच माहीत नाही. माझ्या पोटात गोळाच आला.

असं का होतं?

कागदावरच्या जुन्या फोटोत लोकेशन नसतं. पण त्याचा फोटो काढताना मोबाईल नव्या फाईलमध्ये वेळ, फोनचं मॉडेल आणि जीपीएस ठिकाण लिहून ठेवतो. याला एक्झिफ डेटा म्हणतात. म्हणजे मोर्चा निघाला ती जागा नाही, तर फोटो जपणाऱ्याचं घर नोंदवलं जातं.

स्कॅन करण्याआधी

- अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन सेव्ह करणं बंद करा. आयफोनवर प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये कॅमेऱ्यासाठी ‘नेव्हर’ निवडा.
- खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता फोटो घ्या. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर लहान फोटोंसाठी ६०० डीपीआय ठेवा.
- फाईलच्या नावात आधी वर्ष लिहा: २००८-०८-१६-मुंबई-मोर्चा-०१. यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते.

दोन फोल्डर करा

‘मूळ’ फोल्डरमधल्या फाईलला हात लावायचा नाही. तिच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. ‘शेअर’ फोल्डरमध्ये वेगळी कॉपी ठेवा. चेहरा झाकायचा असेल तर त्यावर गडद, भरीव चौकोन टाका. हायलायटर पेन नको, ब्राइटनेस वाढवला की त्याखालचं दिसू शकतं. झाकून झाल्यावर स्क्रीनशॉट काढा आणि तोच पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर एक्झिफ निघून जातो, पण दर्जाही घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा राहतो, आणि लोकेशनही तसंच राहतं! म्हणून डॉक्युमेंट पाठवताना दोनदा तपासा.

परवानगी कशी घ्यायची?

नुसतं ‘चालेल ना?’ विचारू नका. तीन पर्याय द्या: फक्त जपून ठेवायचं, ओळखीच्यांना दाखवायचं, की सगळ्यांसाठी खुलं करायचं. उत्तर फाईलसोबत लिहून ठेवा. मत बदललं तर फाईल काढा. मात्र एकदा पब्लिक झालेल्या फोटोच्या कॉपी परत गोळा करता येत नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगा. फोटोतल्या बाकीच्यांची परवानगी नसेल तर त्यांचे चेहरे झाका.

संग्रह मोठा असेल तर बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधल्या ‘कामरा’ या क्वीअर संग्रहासारख्या ठिकाणी विचारणा करता येते.

काकांनी तीनपैकी पहिला पर्याय निवडला. त्यामुळे ते फोटो तुम्हाला इथे दिसणार नाहीत. पण बॅनर कुणी रंगवला, हे आता नोंदवलेलं आहे.