कलम ७९ ची कुळकथा

२७ नोव्हेंबर २००४, शनिवार. बाझी डॉट कॉम या लिलावाच्या संकेतस्थळावर आयआयटी खरगपूरच्या एका विद्यार्थ्याने ई-बुकांच्या रकान्यात एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. त्यात दिल्लीतली शाळकरी मुलं होती. गिऱ्हाइकाने भरायचे १२८ रुपये, त्यातले ३ बाझीचं कमिशन. सोमवारी सकाळी नोंद हटवली, तोवर आठ प्रती खपल्या होत्या.

विक्रेता पकडला गेलाच. पण १७ डिसेंबरला पोलिसांनी कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांनाही अटक केली. त्यांनी चित्रफीत ना बनवली होती, ना विकायला ठेवली होती. चार दिवसांनी जामीन मिळाला. बाजार भरवणाऱ्याला कितपत जबाबदार धरायचं, हा प्रश्न मात्र कोर्टात राहिला.

इतरांच्या मजकुरासाठी मध्यस्थाला, म्हणजे असं संकेतस्थळ चालवणाऱ्याला, संरक्षण देणारं कलम ७९ माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये होतं, पण तोकडं. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरेपूर काळजी घेतली’ हे मध्यस्थानेच सिद्ध करायचं आणि संरक्षण त्याच कायद्यापुरतं. भारतीय दंडविधान लावलं, की ते निकामी. शिवाय कलम ८५ मुळे कंपनीबरोबर तिचा कारभार पाहणाराही दोषी ठरे.

२००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजाज यांच्यावरचे दंडविधानाचे आरोप काढले: केवळ संचालक आहे म्हणून कुणी आपोआप गुन्हेगार ठरावा, अशी तरतूदच त्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा खटला राहिला. तोही २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. कारण साधं होतं: कंपनीला आरोपीच केलेलं नव्हतं. मूळ आरोपीच नाही, तर त्याच्या आधाराने दुसऱ्याला कसं ओढणार?

दरम्यान संसदेने कलम ७९ नव्याने लिहिलं. २७ ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झालं. आता संरक्षण सगळ्याच कायद्यांपुढे मिळतं. पण मध्यस्थाने गुन्ह्याला हातभार लावला किंवा माहिती मिळूनही मजकूर हटवला नाही, तर ते जातं. ‘माहिती’ म्हणजे कोर्टाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना, असा अर्थ श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये लावला गेला. त्याने उठसूट येणाऱ्या नोटिसांना आळा बसला, पण पीडितेची साधी तक्रार दुबळी ठरली. म्हणून २०२१ च्या नियमांनी नग्नतेच्या तक्रारींवर ठरावीक मुदतीत (तेव्हा २४ तासांत) कारवाईचं बंधन घातलं.

ते मोडलं, तर कलम ७९ चं छत्र जातं. पण छत्र गेलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही; तो पोलिसांना पुराव्यानिशीच शाबीत करावा लागतो. न्याय्य शिक्षेसाठी हा फरक राखायलाच हवा.