बसऱ्याच्या धक्क्यावरचा डॉक्टर



'नीट'चे निकाल लागले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. एमबीबीएसला नंबर लागेल का? नाही लागला तर बीएएमएस, नर्सिंग की फिजिओथेरपी? फी किती, पीजीचं काय, पुढे स्थिरावायला किती वर्षं लागतील? हे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. उद्या तुमच्या डोळ्यांसमोर रुग्णांचे हाल होत असतील आणि वरचे अधिकारी 'सर्व काही समाधानकारक' असं कळवत असतील, तर तुम्ही काय कराल?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बसऱ्याच्या बंदरात एका डॉक्टरपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. पुणे-मुंबईशी जवळचं नातं असलेली ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. म्हणून आज थोडा इतिहास आणि त्यातच थोडं वैद्यकशास्त्र.

पुण्याची डिव्हिजन मेसोपोटेमियात

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानी फौजा आजच्या इराकमध्ये उतरल्या. या मोहिमेची जबाबदारी लंडनच्या युद्ध खात्याकडे नव्हती, ती हिंदुस्थान सरकारकडे होती. आघाडीवर होती सहावी, म्हणजे 'पूना' डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. मुंबई बंदरातून माणसं, खेचरं, धान्य आणि औषधं तिकडे जात होती.

सुरुवातीला विजय सोपे गेले. बसरा पडलं, अमारा पडलं, कूत पडलं. मग 'आता बगदाद घेऊ' अशी हाव सुटली. फौज टायग्रिस नदीच्या काठाने शेकडो किलोमीटर आत गेली, पण मागची व्यवस्था तेवढी वाढली नाही. त्या मुलखात ना रस्ते होते, ना रेल्वे. सगळी भिस्त नदीतल्या आगबोटींवर, आणि त्याच कमी. जखमींसाठी राखीव अशी एकही नदीतली रुग्णनौका नव्हती. युद्धाच्या आधीपासून लष्करी खर्चात केलेली काटकसर आता अंगाशी येणार होती.

टेसिफॉनहून बसऱ्याकडे

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे लढाई झाली. मृत आणि जखमी मिळून सुमारे ४,६०० माणसं कामी आली. वैद्यकीय तयारी यापेक्षा कितीतरी कमी जखमी गृहीत धरून केलेली होती.

जखमींना नदीपर्यंत न्यायला होते ते खेचरांचे सामानाचे गाडे. त्यांना स्प्रिंग नाही, गादी नाही. मांडीचं हाड मोडलेला माणूस अशा गाड्यात, खडबडीत जमिनीवरून, तासन्‌तास. पुढे आगबोटी आणि त्यांना बांधलेले उघडे लोखंडी तराफे. त्यांवर माणसं शेजारी-शेजारी ठासून भरलेली, वर छप्पर नाही, आणि नदीवाटे बसरा गाठायला लागणारे कितीतरी दिवस.

आता वैद्यकीय बाजू समजून घ्या. मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत मोठं हाड. ते मोडलं की मांडीच्या आतच एक ते दीड लिटर रक्त साचू शकतं. मोडलेली टोकं स्थिर केली नाहीत, तर प्रत्येक धक्क्याला ती आसपासचे स्नायू आणि रक्तवाहिन्या फाडत राहतात. वेदना आणि रक्तस्राव मिळून रुग्ण शॉकमध्ये जातो. म्हणूनच मोडलेला पाय ताणून, फळीला बांधून ठेवणं हा जीव वाचवणारा उपचार आहे. पुढे याच युद्धात फ्रान्सच्या आघाडीवर 'थॉमस स्प्लिंट' सर्रास वापरात आलं आणि अशा जखमींचे मृत्यू खूप कमी झाले.

त्यात जखम मातीने माखलेली असेल तर धनुर्वात आणि गँगरीन. हलता न येणारा माणूस लोखंडावर एकाच कुशीवर पडून राहिला, तर काही तासांतच कातडी मरू लागते आणि दाबाचे व्रण होतात. जोडीला आव आणि जुलाब, आणि संडासापर्यंत न्यायला कुणी नाही. गोळी लागल्याच्या क्षणी यांतले बरेच जण वाचण्यासारखे होते. त्यांचा खरा घात केला तो नंतरच्या प्रवासाने.

तार काय म्हणत होती?

इकडे मोहिमेच्या मुख्यालयातून वर गेलेल्या तारेचा मजकूर काय होता? जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली आहे, त्यांची प्रकृती ठीक आहे आणि अडचणी असूनही वैद्यकीय यंत्रणेने उत्तम काम केलं आहे, अशा आशयाचा. तारेवर नाव सेनापती जनरल निक्सन यांचं, पण मसुदा मोहिमेचे वैद्यकीय प्रमुख सर्जन-जनरल हॅथवे यांचा. म्हणजे ही खोटी ग्वाही एका डॉक्टरच्या लेखणीतून उतरली होती.

त्याच वेळी बसऱ्याला 'वरेला' या रुग्णजहाजावर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर मार्कहॅम कार्टर होते. नदीतून येणारी 'मेजिदिये' ही आगबोट त्यांना दिसली. काही अंतरावरून पाहिलं तेव्हा तिच्या कडांवरून दोरखंड लोंबत असावेत असं त्यांना वाटलं. बोट जवळ आली, दुर्गंधी आली आणि कळलं की ते दोरखंड नव्हते. ती वाळलेली विष्ठा होती. कठड्यापर्यंतही सरकू न शकणारी माणसं जिथे होती तिथेच विधी उरकत होती. एका जखमीच्या मोडलेल्या मांडीला व्हिस्कीच्या खोक्याच्या फळ्या बांधलेल्या होत्या.

कार्टरनी दोन गोष्टी केल्या. पहिली, जखमींना उतरवून घेतलं, धुतलं, उपचार सुरू केले. हे कुठल्याही डॉक्टरने केलं असतं. दुसरी, पाहिलं ते जसंच्या तसं वरिष्ठांना कळवलं. बक्षीस काय मिळालं? त्यांना लुडबुड्या ठरवण्यात आलं. अटकेची आणि जहाजावरचं पद काढून घेण्याची धमकी मिळाली. ते मागे हटले नाहीत.

खोट्या तारेची किंमत

वाचकहो, तुम्ही म्हणाल, तार खोटी असली तरी जखमींचे हाल तर आधीच होऊन गेले होते. तिने वेगळं काय बिघडलं?

बिघडलं ते असं. 'सर्व ठीक' कळवल्यावर तातडीची मदत कोण आणि कशासाठी पाठवणार? जेमतेम सहा आठवड्यांनी, जानेवारी १९१६ मध्ये, कूतमध्ये अडकलेल्या फौजेला सोडवायला निघालेल्या तुकड्यांची शेख साद येथे लढाई झाली. सुमारे ४,००० माणसं पडली. पुन्हा रुग्णपथकं अपुरी, पुन्हा तेच गाडे, आणि जखमी थंडीपावसात चिखलात पडून. टेसिफॉनची चूक अंदाजाची म्हणता येईल. शेख सादच्या वेळी तोही आडोसा उरला नव्हता.

आपल्या रुग्णालयांतही हेच लागू आहे. जंतुसंसर्गाची नोंद दडवली की पुढच्या रुग्णाला तोच संसर्ग होतो. नोंदीचा उपयोग केवळ दोषी शोधायला होत नाही, पुढचा रुग्ण वाचवायलाही होतो.

कूतचा वेढा : एक गाव, दोन आजार

टेसिफॉनहून माघारी आलेली पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कूतमध्ये वेढली गेली. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. पुढे तुर्कांच्या कैदेत हजारो मेले.

या वेढ्यात आहारशास्त्राचा एक विलक्षण धडा आहे. गोऱ्या सैनिकांना मैद्याचा पाव मिळत होता. त्यांना बेरीबेरी झाला, म्हणजे पायांत बधिरपणा, सूज, हृदय थकणं. कारण ब-१ जीवनसत्त्व धान्याच्या कोंड्यात असतं आणि मैद्यात कोंडा नसतो. आपल्या शिपायांच्या वाट्याला कोंड्यासकट आटा होता, त्यामुळे ते बेरीबेरीतून सुटले. पण ताजी भाजी संपलेली. गोरे घोड्याचं मांस खात होते, त्यातून मिळणाऱ्या थोड्याशा क जीवनसत्त्वावर त्यांचं निभावलं. आपले बहुतेक शिपाई धर्मभावनेमुळे ते खायला फार उशिरापर्यंत तयार नव्हते. त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून रक्त येणं, दात हलणं, जुन्या जखमा पुन्हा उघडणं ही त्याची लक्षणं.

स्कर्व्हीचा उपाय फार दूर नव्हता. कोरड्या डाळीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, पण अख्ख्या कडधान्याला मोड आले की ते तयार होतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच युद्धकाळात प्रयोगांनी हे दाखवून दिलं. आपल्या घरच्या मोड आलेल्या मटकीचं महत्त्व! मात्र एक लक्षात ठेवा, फार वेळ शिजवलं तर हे जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं.

सरकारला जाब द्यावा लागला

खाजगी पत्रांतून, परतलेल्या जखमींकडून बातम्या फुटू लागल्या. मार्च १९१६ मध्ये हिंदुस्थान सरकारने व्हिन्सेंट-बिंगले समिती नेमली. पण आरोपी सरकारनेच नेमलेल्या समितीवर लोकांचं समाधान होईना. ऑगस्ट १९१६ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश पार्लमेंटने खास कायदा करून मेसोपोटेमिया आयोग नेमला. अध्यक्ष होते लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन. आयोगाने शंभराहून अधिक साक्षी घेतल्या. कार्टरचीही घेतली.

'लढाई चालू आहे, आत्ता प्रश्न विचारू नका' हा युक्तिवाद तेव्हाही झाला. तरीही जून १९१७ मध्ये अहवाल छापून लोकांसमोर आला. त्यात निक्सन, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग, सरसेनापती सर बोशां डफ आणि वैद्यकीय खात्याचे सर विल्यम बॅब्टी व हॅथवे यांच्यावर ठपका होता. बॅब्टी हे बोअर युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले शूर डॉक्टर. रणांगणावरचं शौर्य आणि वरिष्ठांपुढे नकार देण्याचं शौर्य, ही दोन वेगळी असतात.

भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलै १९१७ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यूंनी काही दिवस आधीच पार्लमेंटमध्ये हिंदुस्थान सरकारच्या ताठर, कालबाह्य कारभारावर कडाडून टीका केली होती. हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची २० ऑगस्ट १९१७ ची घोषणा त्यांचीच.

पूर्ण न्याय झाला का? नाही. हार्डिंग पदावर राहिले, ठपका आलेल्यांपैकी कुणावरही खटला चालला नाही. मेलेले शिपाई तर परत येणार नव्हतेच. पण युद्ध खात्याने १९१६ मध्ये कारभार हाती घेतल्यावर रुग्णनौका आल्या, मोटार-रुग्णवाहिका आल्या, इस्पितळं वाढली. त्यापुढच्या लढायांतल्या जखमींना पूर्वीपेक्षा कितीतरी बरी वागणूक मिळाली.

मग करिअरचं काय?

या हकीकतीतून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१. आरोग्यसेवा म्हणजे फक्त डॉक्टर नव्हे. टेसिफॉनला कुशल सर्जन होते. कमी पडल्या बोटी, गाड्या, परिचारक आणि आहाराचं नियोजन. नर्स, आहारतज्ज्ञ, रुग्णालय व्यवस्थापक, औषधभांडाराचा प्रमुख, यांच्यापैकी प्रत्येकाच्या हाती जीव असतात. यातलं काही निवडलंत तर ते दुय्यम समजू नका.

२. लिहायला शिका. तारीख, वेळ, संख्या, पाहिलं ते. विशेषणं कमी. कार्टरची साक्ष टिकली, कारण तिच्यात आक्रोश नव्हता, निरीक्षण होतं. केसपेपरवर तुम्ही लिहिलेली साधी ओळ उद्या पुरावा ठरू शकते.

३. तुमचा मालक कोण, हे आधीच ठरवा. पगार सरकार देईल, ट्रस्ट देईल किंवा कंपनी देईल. पण युद्धकाळातली वैद्यकीय नीती शांतताकाळापेक्षा वेगळी नसते, हे जागतिक वैद्यकीय संघटनेनेही स्पष्ट केलेलं आहे. हॅथवे आणि कार्टर एकाच सरकारचा पगार घेत होते. एकाला सरकारची अब्रू आधी दिसली, दुसऱ्याला रुग्ण.

सगळ्यांनाच कार्टरसारखं एकट्याने उभं राहणं जमेल असं नाही, आणि त्यासाठी कुणाला दोष देऊ नये. म्हणूनच चौकशी समित्या, मृत्यूंचं ऑडिट, तक्रारकर्त्याला संरक्षण या व्यवस्था असाव्या लागतात. त्या असल्या की खरं बोलायला फार मोठं धाडस लागत नाही.

मुंबईत फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तुम्ही गेला असाल. १९१४ मध्ये बांधून झालेली ती इमारत संग्रहालय म्हणून खुली झाली १९२२ मध्ये. मधल्या युद्धकाळात तिथे लष्करी इस्पितळ होतं. पुढच्या वेळी मुलांना तिथे न्याल तेव्हा मूर्ती आणि चित्रं दाखवून झाल्यावर एवढंही सांगा, की या दालनांत एकेकाळी जखमी शिपाई ठेवले जात. मुलांपैकी कुणी डॉक्टर किंवा नर्स व्हायचं म्हणत असेल, तर मेजिदिये बोटीची गोष्टही त्याला जरूर सांगा.