बोल्टच्या माथ्यावरचा ‘एफ’

दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी जीप बांधली, पण तिचा आराखडा फोर्डचा नव्हता, विलीज-ओव्हरलँडचा होता. कुठल्याही जीपचा कुठलाही भाग दुसऱ्या जीपला बसला पाहिजे, ही सैन्याची अट. फोर्डने ती पाळली आणि आपल्या भागांवर ‘एफ’ हे अक्षरही उठवले. अगदी बोल्टच्या माथ्यांवरसुद्धा. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे पावणेतीन लाख जीप तयार झाल्या. आज त्यातली एखादी मूळ रूपात आणू पाहणारा माणूस या ‘एफ’वाल्या बोल्टांसाठी भंगारबाजार पालथे घालतो. गंजलेला का होईना, एक सापडला तरी तो घरी आणून साफ करत बसतो. नवा बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे बघणाऱ्याला वाटते. पण पत्रा बदलता येतो, रंग नवा देता येतो. गाडी कुठल्या कारखान्यातून निघाली याची साक्ष मात्र बोल्ट देतो.

बोल्टना असे एकसारखे माप मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागायचा नाही. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये 55 अंशांच्या आट्यांचे एकच माप सुचवले. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा आटा मांडला. या पाच अंशांच्या फरकाची खरी किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली, कारण दोस्तराष्ट्रे असूनही एकाचे बोल्ट दुसऱ्याच्या यंत्रांना चालत नव्हते. अखेर 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित मापावर सही केली.

मुंबईच्या गॅरेजांत ही मापांची भाऊबंदकी अनेक वर्षे नांदली. महिंद्रांनी जुळवलेल्या विलीज जीपचे आटे इंची, तर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटचे मिलिमीटरचे. घाईत चुकीचा बोल्ट पिळून बसवला की आटे गेलेच. याच फियाटची, म्हणजे पुढे पद्मिनी म्हटल्या गेलेल्या गाडीची, मुंबईतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आता खाजगी मालकांनी जपलेल्या फियाटना मूळचे बोल्ट मिळणे आणखी अवघड होत जाणार.

माप ठरले, तरी गंज होताच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेरार्ड कूपर-कोल्स या इंग्रजाने जस्ताच्या पुडीत लोखंडी वस्तू तापवून त्यांच्यावर जस्ताचा थर चढवण्याची रीत काढली. 1906 मध्ये थॉमस कॉस्लेटने लोखंडावर थर चढवणाऱ्या फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत पार्कर कंपनीने ही रीत सुधारली, म्हणून ती पार्करायझिंग या नावाने रूढ झाली. हा करडा-काळा थर एकटा गंजाला फारसा अडवत नाही; पण तो तेल धरून ठेवतो, आणि तेवढ्याने काम भागते.

मग आले कॅडमियम. हे मूलद्रव्य 1817 सालीच सापडले होते, मुलाम्यासाठी त्याचा मोठा वापर मात्र पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाला. थर पातळ असल्याने आटे बुजत नाहीत, पृष्ठभाग निसरडा असल्याने बोल्ट सारखा आवळला जातो, खाऱ्या हवेतही टिकाव धरतो. विमाने आणि मोटारी बांधणाऱ्यांना याहून चांगले काय हवे होते? पण हा धातू जहरी आहे. जपानच्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियमने माणसांची हाडे ठिसूळ झाली. 1968 मध्ये तिथल्या सरकारने त्या आजाराचे कारण मान्य केले. युरोपने 2003 पासून नव्या मोटारींत कॅडमियमला जवळजवळ बंदी घातली. त्याची जागा पिवळसर झाक असलेल्या जस्ताच्या मुलाम्याने घेतली. तो कॅडमियमसारखाच दिसतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी ओळखू जाणे धोक्याचे.

जुन्या बोल्टचा गंज काढण्याची घरातली रीत साधी आहे. आधी रॉकेलमध्ये ग्रीस सोडवायचे, मग बोल्ट पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायचा. किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरची ऋण तार बोल्टला आणि धन तार भंगार लोखंडाला जोडायची. धन तारेला स्टेनलेस स्टील चालत नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. भांडे उघड्यावर ठेवावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. गंज गेला की जस्ताच्या पत्र्याने घरच्या घरी मुलामाही देता येतो.

मात्र हाच हायड्रोजन पोलादातही शिरतो. आम्लात बुडवलेला किंवा मुलामा दिलेला कडक बोल्ट वरून चकाचक दिसतो आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. म्हणून कारखाने मुलाम्यानंतर चार तासांच्या आत तो भट्टीत सुमारे 200 अंश सेल्सिअसला काही तास भाजतात. माथ्यावर 10.9 किंवा 12.9 असे आकडे, अथवा अमेरिकी बोल्टवर सहा रेघा दिसल्या, तर तो याच कडक जातीचा.

जुना बोल्ट कोरड्या तारेच्या ब्रशने घासू नये. कॅडमियमची धूळ श्वासातून जाते. हातमोजे घालावेत, काम ओल्यात करावे, उरलेले पाणी नाल्यात ओतू नये. आणि स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांच्या बोल्टांवर घरचे प्रयोग नकोत, ते योग्य ताकदीचे नवेच घ्यावेत.