परळची इस्पितळे आणि कामगारांची वाट

1896 च्या प्लेगात मुंबईकर इस्पितळाच्या नावानेच धास्तावत. आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा होती. म्हणून अनेक जाती-जमातींनी स्वतःची प्लेग-इस्पितळे उभारली. विश्वास आधी, औषध नंतर. इस्पितळ निवडण्याची रीत अशी होती.

कापडगिरण्यांच्या वस्तीत, गिरणगावात, मोठी सोय झाली ती 1926 मध्ये, परळला केईएम रुग्णालय उघडल्यावर. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठीच्या शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, आणि त्या अटीचे मोल इमारतीपेक्षा कमी नव्हते. शेजारी वाडियांचे प्रसूतिगृह, मग मुलांचे रुग्णालय आले. 1941 मध्ये कर्करोगासाठी टाटा रुग्णालय.

गर्दी वाढली तशी कोणत्या दुखण्याला कुठे जायचे ही निवडही ठरून गेली. ताप-खोकल्याला चाळीखालचा डॉक्टर, म्हणजे रंगीत मिक्श्चर आणि पुडीतल्या गोळ्या. 1954 मध्ये कामगार विमा योजना आल्यावर विमा कार्ड असलेल्या गिरणी कामगाराला विमा डॉक्टर मिळाला. बाळंतपणाला वाडिया. हाड मोडले किंवा दुखणे हाताबाहेर गेले की डॉक्टरची चिठ्ठी घेऊन केईएम. तिथे सकाळी केस पेपरच्या रांगेत उभे राहायला घरातला एखादा मोकळा माणूस लागे.